पाऊण बर्फाचा रस्ता

इंदिराबाई भंगाळे पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या, तेव्हा मी त्यांना चांगलंच झापलं होतं. पंच्याऐंशी सालची गोष्ट. धरणगावात सरकारी दवाखान्याच्या वळणावर माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावल्याशिवाय मला चैन पडत नसे. लोक सायकलला बैलापेक्षा वाईट वागवतात. बैलाला निदान पाणी तरी पाजतात.

तर ही बाई आली. पांढरी साडी, पस्तिशीचं वय, कपाळावर घाम, हातात लेडीज सायकल. सायकलचं पुढचं चाक मार खाल्लेल्या कुत्र्यासारखं लंगडत होतं. मी टायर अंगठ्याने दाबून पाहिला. अंगठा आत गेला.

‘‘बाई, इतकी कमी हवा ठेवल्यावर रिम चेपणार नाही तर काय होणार?’’

‘‘मी मुद्दाम सोडते भाऊ.’’

‘‘मुद्दाम?’’

‘‘खडीचा रस्ता लागला की वाल सैल करून थोडी सोडते. नाही तर मागच्या पेटीतल्या लसीच्या बाटल्या फुटतात. डांबरावर आले की पंपाने परत भरते.’’ आणि तिने कॅरिअरला बांधलेला हातपंप दाखवला.

हवा टाईट ठेवा, सायकल दहा वर्षं चालेल, हा माझा मंत्र. तीस वर्षं लोकांना तोच सांगत आलो होतो. त्या मंत्राला दवाखान्याची एक नर्स माझ्याच दुकानात उभी राहून आव्हान देते म्हणजे काय? मी चाकाचं डुलणं, आमच्या भाषेत आऊट, काढून ते सरळ केलं, हवा दगडासारखी टाईट भरली आणि म्हणालो, ‘‘आता सोडायची नाही.’’ त्या नुसत्या हसल्या. वळणापलीकडे गेल्यावर त्यांनी हवा सोडली असणार, हे मला तेव्हाच कळलं होतं.

मला ते सहन झालं नाही. पुढच्या रविवारी मी माझ्या सायकलच्या मागे एक डबा बांधला, डब्यात दुधाची बाटली ठेवली आणि टाईट हवेवर खडीच्या रस्त्याने तीन किलोमीटर गेलो. डबा उघडला तर बाटलीचं बूच उडालेलं, अर्धं दूध मडगार्डवर. येताना हवा सोडून आलो. उरलेलं अर्धं दूध जसंच्या तसं घरी पोचलं. बायकोने विचारलं, दूध कुठे फिरवून आणलंत? मी मडगार्ड पुसायला लागलो. पण सोमवारी इंदिराबाई दवाखान्यात आल्याचं कळताच मी स्वतः जाऊन त्यांची सायकल ओढत दुकानात आणली. दूधवाले वापरतात तसल्या जाड तारा, जाड रिम, रुंद टायर, पुढच्या चाकाच्या चिमट्याला जादा सळई, सगळं बसवून दिलं. ‘‘आता सोडा हवा,’’ म्हटलं, ‘‘पाहिजे तेवढी.’’

त्या मूळच्या यावलकडच्या. वडिलांचा केळीचा मळा, आणि मळ्यातल्या गाडवाटेवर वडिलांच्याच सायकलला कैची घालून त्या लहानपणी शिकलेल्या. नवरा रतिलाल गुरुजी तिकडेच शाळेवर. शनिवारी येत, सोमवारी पहाटेच्या एसटीने जात. इंदिराबाईंच्या ताब्यात नऊ गावं होती. नऊपैकी दोनच गावांना डांबरी रस्ता. बाकीच्या गावांना जायचं म्हणजे खडी, मुरूम, पाटाचा बांध, नाल्यातली वाळू नाही तर शेताची शीव. दवाखान्यात फ्रीज होता. त्यातून लसीच्या बाटल्या घ्यायच्या, पत्र्याच्या पांढऱ्या पेटीत बर्फाच्या खड्यांमध्ये खोचायच्या, पेटी कॅरिअरला आवळायची आणि निघायचं. बर्फ वितळायच्या आत लस टोचली गेली पाहिजे. नाही तर ते औषध राहत नाही, नुसतं पाणी उरतं. हे त्यांनी मला एकदा नीट समजावून सांगितलं आणि तेव्हापासून त्या पेटीला हात लावताना मीही देवाच्या डब्याला लावावा तसा लावू लागलो.

आम्ही सगळे अंतर किलोमीटरमध्ये मोजतो. म्हातारे कोसांत मोजत. इंदिराबाई बर्फात मोजायच्या, पोचेस्तोवर पेटीतला किती वितळतो त्यावर. चिंचपाडं किती लांब? ‘‘पाव बर्फ.’’ पिंपळबर्डी? ‘‘पाटाच्या बांधाने अर्धा, सडकेने पाऊण.’’ सडकेने अंतर कमी होतं, पण सडकेला सावली नव्हती. पाटाच्या बांधावर निंब आणि बाभळी होत्या. बाभळीचे काटे ट्यूबमध्ये घुसत, तरी त्यांना ते परवडायचं. ‘‘पंक्चर तुम्ही काढाल भाऊ, बर्फ कोण गोठवून देणार?’’ कुठल्या महिन्यात कुठली वाट, सकाळी आठला सावली कुठल्या बाजूला पडते, नाल्यातली वाळू कधी दबलेली असते, हे सगळं त्यांना पाठ होतं. मी चाळीस वर्षं ह्या तालुक्यात राहिलो, सायकलवरच जगलो, आणि मला ह्यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं. हळूहळू माझंही मोजमाप बदललं. एरंडोलच्या गिऱ्हाइकाला मी एकदा सहज म्हणून गेलो, ‘‘अर्ध्या बर्फावर तर आहे तुमचं गाव.’’ तो माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला.

आता घंटीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

सगळ्यात लांबचं गाव काळीबर्डी. पाऊण बर्फ. पहिल्या वेळी त्या तिथे गेल्या, तेव्हा शिवारातून येतानाच घंटी वाजवत आल्या. उन्हाळ्याचे दिवस. मागे पांढरी पेटी, पेटीतून ठिबकणारं पाणी आणि टणटण घंटी. गावातल्या पोरांनी काय समजायचं?

‘‘गारीगारवाली उनी! गारीगारवाली उनी!’’

बर्फाच्या कांड्या विकणारी आली समजून वाटीत दाणे, ओंजळीत ज्वारी घेऊन पोरं धावत सुटली. धरणगावचा गारीगारवाला धान्यावरही गारीगार द्यायचा. इंदिराबाईंना आपसूक जमलेली गर्दी दिसली आणि आनंद झाला. त्यांनी तिथल्या तिथे निंबाखाली पेटी उतरवली आणि ज्यांच्या आया मागून आल्या होत्या, अशा सात-आठ पोरांना सुया टोचल्या. गावभर जो आकांत झाला तो काही विचारू नका. त्या दिवसापासून काळीबर्डीत घंटी ऐकू आली की पोरं कणगीत लपत, ज्वारीच्या कडब्यात शिरत. एक तर म्हणे विहिरीच्या मोटेजवळ जाऊन बसला होता.

‘‘बन्सीभाऊ, ही घंटी काढून ठेवा,’’ इंदिराबाई म्हणाल्या. ‘‘आता मी चोरासारखी जाईन.’’

मी हसत हसत घंटी काढली आणि खणात टाकली. आयुष्यात घंटी बसवा म्हणणारे शेकडो भेटले, काढा म्हणणाऱ्या त्या एकट्याच. तेव्हा मला त्यात फक्त गंमत दिसली होती.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात त्या गोवरची लस घेऊन काळीबर्डीला गेल्या. घंटी नाही, त्यामुळे त्या आल्याचं कुणालाच कळलं नाही. बाया शेतात काडीकचरा वेचायला गेलेल्या. इंदिराबाईंनी घरोघर कड्या वाजवल्या, शेतात निरोप धाडले, बांधाबांधाने स्वतः हिंडल्या. निंबाखाली सत्तावीस बाया लेकरं घेऊन जमल्या तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. त्यांनी पेटी उघडली. बर्फाचा एक खडा उरलेला नव्हता. पाणी कोमट झालं होतं.

त्यांनी बाटल्या सगळ्यांच्या देखत फोडायला घेतल्या.

त्या गर्दीत भागाबाई नावाची एक बाई होती. नवरा कौतिक ट्रकवर, घरी तीच एकटी. अकरा महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन दोन मैलांवरच्या शेतातून उन्हात चालत आलेली. ती पुढे झाली. ‘‘बाई, आते देई टाका ना. पाणीच तं शे. पाण्यानी काय व्हई?’’

‘‘भागाबाई, हे आता औषध राहिलं नाही. मी टोचलं तर तुला वाटेल पोरीला लस दिली, आणि गोवर यायचा तो येईलच.’’

‘‘मंग आम्ही कसाले उनूत?’’

इंदिराबाईंनी उरलेल्या बाटल्याही फोडल्या. बाया बडबडत परत गेल्या. दवाखान्यात पुढची लस येईस्तोवर पाऊस लागला, काळीबर्डीची काळ्या मातीची वाट बंद पडली, आणि श्रावणाच्या आधी गावात गोवर आला. भागाबाईची मुलगी त्यात गेली.

इंदिराबाई दुकानात आल्या आणि बाकावर बसल्या. सायकलला काही झालेलं नव्हतं. मी पाणी दिलं, त्यांनी पेला हातात नुसता धरून ठेवला.

‘‘मी बरोबर केलं ना भाऊ? टोचायची नव्हतीच ना ती?’’

‘‘बरोबर केलं बाई,’’ मी म्हणालो. पण खणातली घंटी मला तेव्हा दिसत होती आणि मी ती काढायलाच नको होती, असं वाटत होतं. त्या डोळ्यांना पदर लावून किती तरी वेळ रडल्या. माझ्या दुकानात कुणी बाई रडल्याची ती पहिलीच वेळ. मी गिऱ्हाइकांना बाहेरच्या बाहेर परत पाठवलं.

त्यानंतर दोन वर्षं काळीबर्डीच्या बाया लेकरांना टोचायला घेऊन आल्या नाहीत. इंदिराबाई जायच्या. हिवाळ्यात जायच्या, बर्फ शाबूत असायचा, निंबाखाली दोन-दोन तास बसायच्या. गावाचा कोतवाल झुलाल आपली दोन नातवंडं आणायचा, तेवढीच. एखादी दुसरी नर्स असती तर रजिस्टरमध्ये ‘लाभार्थी हजर नाहीत’ लिहून मोकळी झाली असती. मी तसं म्हटलंही एकदा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा पंक्चरच्या टबात तोंड घातलं.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात शेजारच्या गावात गोवर निघाला. आता काळीबर्डीला दोन आठवडेही थांबून चालणार नव्हतं. पण नेमकं त्याच उन्हाळ्यात काळीबर्डीच्या रस्त्यावर रोजगार हमीचं खडीकरण निघालं होतं. फाट्यापासून गावापर्यंत तीन किलोमीटर नुसती सुटी खडी पसरलेली. रोलर आलाच नव्हता. मुकादम म्हणे आज येतो, उद्या येतो. पाटाचा बांधही दुरुस्तीसाठी खणून ठेवलेला. म्हणजे एकच वाट उरली होती, आणि ती त्या खडीतून.

रविवारी मी पाहणी करून आलो. लिंबाएवढी खडी, धारेची, चार बोटं थर. हवा सोडली, बसलो, वीस हातांवर पडलो. कोपर फुटलं. उतरून ढकलत नेली तर चाक रुतत होतं. तीन किलोमीटरला दीड तास लागला. मेच्या उन्हात दीड तास म्हणजे बर्फ संपला.

सोमवारी इंदिराबाई आल्या तेव्हा मी संतापून नुसता ओरडत होतो. कोपराला फडकं बांधलेलं, हातात पाना.

‘‘ज्या कुणी हा रस्ता केला ना, त्याला त्याच खडीवर अनवाणी चालवा! रस्ता केला म्हणतात! बाई, नका जाऊ. त्या खडीवर माझ्या चाकाचंही काही चालत नाही. सगळा रस्ता जाऊ द्या, नुसती एका चाकापुरती वाट जरी साफ असती ना, तरी मी तुमची पेटी बर्फासकट पोचवली असती!’’

झुलाल कोतवाल तहसीलच्या कामाला आलेला, तो बाकावर बसून ऐकत होता. इंदिराबाईंनी माझ्या ओरडण्याकडे लक्ष दिलं नाही. त्या झुलालला म्हणाल्या, ‘‘आबा, गुरुवारी सकाळी येते म्हणून सांगा गावात. जमेल तशी येते.’’

‘‘सांगी दखस बाई. पन बाया येतीन का नही, ते मी नही सांगू.’’

‘‘भागाबाईला सांगा. तिला मुलगा झालाय ना? नऊ महिने झाले असतील त्याला.’’

‘‘दहा,’’ झुलाल म्हणाला आणि उठून गेला.

गुरुवारी मी दुकान बंद ठेवलं. म्हटलं, खडीत सायकल सोडून देऊ आणि पेटी डोक्यावर घेऊन पळू. माझ्या वयाला झेपेल तेवढं पळू. सकाळी साडेसहाला दवाखान्यातून पेटी भरली. पेटीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. इंदिराबाई पुढे, मी मागे. सडक, मग चिंचपाड्याची गाडवाट, मग शिवेवरून निंबांच्या सावलीसावलीने. पुढे त्यांचा पांढरा पदर दिसत होता आणि त्या एकसारख्या पायडल मारत होत्या. चढ असो, वाळू असो, त्यांची गती बदलत नव्हती. मी मागे धापा टाकत होतो. इंदिराबाई कशी सायकल चालवतात हे इतकी वर्षं मी फक्त चाकावरून ओळखत होतो. त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मला फार अभिमान वाटला, जणू माझीच कुणी धाकटी बहीण पुढे चालली होती.

आठ वाजायच्या सुमारास काळीबर्डीचा फाटा आला. इंदिराबाई उतरल्या, नेहमीच्या सवयीने पुढच्या चाकाजवळ बसल्या, हवा सोडायला वालला हात घातला. आणि हात तसाच राहिला.

‘‘बन्सीभाऊ, हे बघा.’’

खडीच्या रस्त्याच्या डाव्या कडेने, वीतभर रुंदीची, झाडून काढलेली मातीची पट्टी सरळ गावाकडे गेली होती. दोन्ही बाजूंना खडी नीट सारलेली. पट्टीवर खराट्याचे फराटे अजून ताजे होते. एक चाक जाईल, एवढीच वाट.

आणि वाटेवर बाया होत्या. शंभर-दीडशे पावलांवर एक, कुणाच्या हातात खराटा, कुणाच्या हातात फावडं. पहिली भागाबाई. तिने पदराची झोळी करून पोर पाठीला बांधलं होतं, हात कोपरापर्यंत धुळीने माखलेले.

मी सायकलवरून उतरलो. विचारलं, ‘‘हाई तुम्ही करं?’’

‘‘खडी आम्हीच टाकी होती ना भाऊ, हजेरीवर,’’ भागाबाई म्हणाली. ‘‘मंग आम्हीच सारी दिधी. झुलाल आबा सांगे, एक चाक जावाले पाह्यजे.’’ मग ती इंदिराबाईंकडे वळली. ‘‘बाई, उभ्या कसाले ऱ्हायन्यात? बर्फ इरघळी जाई!’’

इंदिराबाई सायकलवर बसल्या. त्या वीतभर पट्टीवर, पदर खोचून, डावीउजवीकडे न बघता. मी मागे निघालो. भागाबाईने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि पुढच्या बाईला हाक दिली.

‘‘गारीगारवाली उनी वं!’’

पुढच्या बाईने तीच हाक पुढे दिली. तिच्या पुढच्या बाईने तिच्या पुढे. आम्ही खडीतून चाललो होतो आणि आमच्यापुढे ती हाक चालली होती, तीन किलोमीटर, ह्या तोंडातून त्या तोंडात, थेट गावापर्यंत. घंटी नव्हती, पण त्या दिवशी एकही घर असं नव्हतं की जिथे कळलं नाही. आम्ही निंबाखाली पोचलो तेव्हा लेकरं घेऊन बाया रांगेत बसल्या होत्या. मोठी पोरं पळाली होती, ती पळणारच.

पेटी खाली ठेवली. साडेआठ झाले होते. इंदिराबाईंनी हात धुतले, सुया काढल्या. सगळ्या बाया मागे सरल्या आणि मध्ये मोकळी जागा राहिली. कुणी पुढे येईना. मग मागून चालत येणारी भागाबाई पोचली. तिने पोराला झोळीतून सोडवून कडेवर घेतलं आणि पेटीसमोर बसली.

‘‘पहिले बर्फ दखाडा बाई.’’

इंदिराबाईंनी झाकण उघडलं. भागाबाईने स्वच्छ पाण्याने हात धुतला आणि आत घातला. तळाशी चाचपला. सगळी माणसं तिच्या तोंडाकडे पाहत होती, मीसुद्धा. तिने मूठ बाहेर काढली, उघडली. मुठीत पेरूएवढा बर्फ होता. तिने तो दुसऱ्या हातात घेतला आणि गालाला लावला. तिच्या डोळ्यांतलं पाणी आणि बर्फाचं पाणी एकत्रच खाली आलं.

‘‘शे, बर्फ शे,’’ ती म्हणाली.

तिने बर्फ परत पेटीत ठेवला, झाकण स्वतःच्या हाताने लावलं आणि पोराचा दंड उघडा करून पुढे धरला. इंदिराबाई सुई भरत होत्या, त्यांचा चष्मा पाण्याने धूसर झालेला. मी चाकाची आऊट पाहायचं निमित्त करून सायकलकडे तोंड फिरवलं आणि बराच वेळ चाक फिरवत बसलो. चाक सरळच होतं.